जुनाच पाहिजे

"अभिनंदन, मॅडम," सर्व्हिस सेंटरचे खानविलकर म्हणाले आणि त्यांनी काउंटरवरून एक सीलबंद खोका माझ्याकडे सरकवला. "तुमची केस वरून मंजूर झाली. दुरुस्ती नाही, थेट नवा लॅपटॉप. असं फार कमी ग्राहकांच्या बाबतीत होतं."

मी खोक्यावर हात ठेवला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. सांगलीहून कोल्हापूरला त्या सर्व्हिस सेंटरच्या खेपा घालून मी मेटाकुटीला आले होते. पतसंस्थेतल्या माझ्या रजाही संपत आल्या होत्या. एकदाचे सुटलो, असं मनात म्हणत मी ह्यांच्याकडे पाहिलं.

ह्यांनी खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून छोटी पाटी काढली, तिच्यावर लिहिलं आणि खानविलकरांपुढे धरली.

'माझा कुठे आहे?'

"हाच आता तुमचा, सर."

ह्यांनी पुसून पुन्हा लिहिलं. 'जुना.'

"जुना कंपनीकडे परत जातो. नवीन मंजूर झाला की जुन्याची मालकी कंपनीची. पॉलिसीच आहे तशी."

ह्यांनी परत लिहिलं. या वेळी इतकं दाबून लिहिलं की खडू तुटला. 'जुनाच पाहिजे.'

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं होऊन गेली. हल्ली हातातला मोबाइलसुद्धा बोलतो, तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरी तसं काही नव्हतं. पण त्या काउंटरची आठवण झाली की अजून माझं डोकं तापतं.

माझे यजमान जिनपाल मगदूम. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानातर्फे हळदीचे सौदे पुकारायचे. फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर बसलेला माणूस नुसत्या आवाजावरून सांगायचा, आज मगदूम आलेत म्हणून. त्या माणसाला घशाचा कॅन्सर झाला. मिरजेला ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, पण गळ्याला पुढून भोक राहिलं आणि श्वास तेवढा त्यातून येऊ-जाऊ लागला. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणून पाहिलं. पण रेडिएशनचे शेक घेऊन गळ्याची कातडी इतकी ताठरली होती, की त्यातून नुसती घरघर ऐकू यायची.

मार्ग काढला तो केतकीने. केतकी माझ्या बहिणीची मुलगी, कोल्हापूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने ह्यांच्या लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम बसवून दिला. मराठीत टाइप केलं, की लॅपटॉप ते वाचून दाखवायचा. त्यात आवाज मात्र एकच होता आणि तो बाईचा. ती बाई मला 'त्रिशला' म्हणायची नाही, 'त्रिशाला' म्हणायची. "त्रिशाला, चहा कर," असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. ह्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलत होते.

आक्कांना मात्र ते रुचलं नाही. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशी ओलांडलेल्या, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. त्यामुळे पाटीवर लिहून दाखवण्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. "ती बाई कोण गं घरात? तिला आधी बंद कर," म्हणायच्या. ह्यांनी त्यांच्या खोलीत त्या बाईला पुन्हा कधी बोलू दिलं नाही. नुसते जाऊन हात धरून बसायचे.

तर असा तो लॅपटॉप. नामांकित कंपनीचा. दुकानदार म्हणाला होता, डोळे मिटून घ्या. आम्ही डोळे मिटून घेतला आणि वर्षाच्या आत त्याने आमचे डोळे उघडले. आधी कीबोर्डवरचं 'र' चं बटण बसलं, मग पंखा गिरणीसारखा वाजायला लागला, मग बिजागरी सुटून पडदा लोंबायला लागला. प्रत्येक वेळी कोल्हापूर. प्रत्येक वेळी "मॅडम, आता काही होणार नाही." शेवटी एके दिवशी ह्यांनी झाकण उघडलं आणि पडदा काळाच राहिला.

मी कंपनीच्या नंबरवर फोन केला. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा, मग तीच ती वाजंत्री, मग कुठल्याशा शहरातला एक मुलगा.

"जी, मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ. लॅपटॉप किसके नाम पर है?"

"माझ्या यजमानांच्या. जिनपाल मगदूम."

"तो उनसे बात करवाइए. हमें रजिस्टर्ड कस्टमर से ही बात करनी होगी."

"ते बोलू शकत नाहीत. त्यांचं घशाचं ऑपरेशन झालंय."

"ठीक है मॅडम, जब वो ठीक हो जाएँ, तब फोन कीजिएगा."

"ते बरे होणार नाहीत," मी म्हणाले. "बोलता येत नाही म्हणून तर हा लॅपटॉप आहे. तुम्ही तो दुरुस्त करा, मग तुमच्याशी बोलतील."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मला वाटलं, समजलं याला. मग त्याने पहिलंच वाक्य पुन्हा म्हटलं. मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ.

असे किती फोन केले, मोजदाद नाही. दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून रामायण. ई-मेल केला तर उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. अखेर मीच लॅपटॉप उचलून खानविलकरांच्या सेंटरमध्ये नेऊन दिला. बोर्ड गेलाय, पार्ट मागवलाय, पार्ट येतोय, पार्ट आला पण दुसराच आला, असं करत दिवस गेले. घरात ह्यांचं पाटीवर भागत होतं. पण आक्कांनी जेवण टाकलं. दोन घास खाऊन ताट सारायच्या.

"जिनू का बोलंना माझ्याशी?" मला विचारायच्या.

"आक्का, त्यांना बोलता येत नाही आता. विसरलात का?"

"मला काय सांगतीस? रोज दुपारी बोलतोय की. आता बोलंना. काय चुकलं माझं?"

मी त्यांच्या केसांवरून हात फिरवायचे. वय झालं की असंच होतं, असं मी धरून चालले होते. यजमान दारात उभे राहून हे ऐकायचे आणि तिथून निघून जायचे. मग रात्री जेवताना पाटीवर लिहायचे, 'उद्या पुन्हा फोन कर.'

आणि आता दुरुस्तीऐवजी नवा लॅपटॉप समोर होता, तर हा माणूस तो नको म्हणत होता.

"अहो, असं काय करता?" मी हळू आवाजात म्हणाले. "नवीन आहे. केतकी त्यात तो प्रोग्राम पुन्हा घालून देईल."

ह्यांनी मान हलवली. खानविलकरांकडे बोट केलं, मग आतल्या दाराकडे.

"सर, तुमचा जुना पॅक झालाय," खानविलकर म्हणाले. "दुपारी कुरिअरवाला नेईल."

'आतली डिस्क काढून द्या,' ह्यांनी लिहिलं.

"डिस्क काढता येत नाही. सील तुटतं. आणि डेटा ही ग्राहकाची जबाबदारी. तुम्ही सही करून दिलेल्या कागदावर तसं लिहिलेलंय."

"पण तिकडे गेल्यावर त्या डिस्कचं काय करता?" मी विचारलं.

"नष्ट करतात. तुमच्याच सुरक्षिततेसाठी, मॅडम."

हे ऐकलं मात्र, ह्यांचा चेहरा उतरला. मी ह्यांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाहिलं होतं, तेव्हासुद्धा हा माणूस असा दिसला नव्हता. काय असेल त्या डिस्कमध्ये? मी पुढे झाले. "त्यांना नवीन नको असेल तर नको. आमची वस्तू आम्हाला परत द्या. तुमची पॉलिसी तुमच्याजवळ ठेवा."

"मला अधिकार नाही. लॅपटॉप बदलून द्यायची विनंती रद्द करायची तर रजिस्टर्ड कस्टमरला कॉल सेंटरला तोंडी सांगावं लागतं. रेकॉर्ड होतं ते."

"तोंडी?"

"हो, तोंडी."

"खानविलकर, माणूस तुमच्यासमोर उभा आहे. त्याच्या गळ्याला भोक आहे. दिसतंय ना तुम्हाला?"

"मला दिसतंय, मॅडम," खानविलकर खाली बघत म्हणाले. "सिस्टीमला दिसत नाही."

सिस्टीम. त्या शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आणखी काही बोलणार तेवढ्यात ह्यांनी माझा दंड धरला आणि काउंटरवरच्या फोनकडे बोट दाखवलं. लावा, म्हणून खूण केली. खानविलकर गोंधळले, पण त्यांनी नंबर फिरवला आणि स्पीकर सुरू केला. एक दाबलं, दोन दाबलं. वाजंत्री झाली. सेंटरमध्ये बाकड्यांवर बसलेले लोक आमच्याकडे बघायला लागले होते.

एका मुलीचा आवाज आला. आधी तिने सांगितलं, गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड होत आहे. मग खानविलकरांनी केसचा नंबर सांगितला आणि ग्राहक इथे आहेत म्हणाले.

"सर, कृपया अपना पूरा नाम बताइए," मुलगी म्हणाली.

ह्यांनी गळ्यावरचा रुमाल सोडला. बाहेरच्या माणसांसमोर तो रुमाल ह्यांनी कधीच सोडला नव्हता. न्हाव्याकडेसुद्धा धरून बसायचे. रिसीव्हर उचलला आणि कानाला लावायच्या ऐवजी गळ्याच्या भोकाशी नेला. मग छाती भरून श्वास घेतला आणि सोडला.

वारा फाटावा तसा आवाज झाला.

"हॅलो? सर, आपकी आवाज नहीं आ रही. पूरा नाम बताइए."

ह्यांनी पुन्हा श्वास सोडला. नाव सांगितल्यासारखा, मध्ये थांबून. जिनपाल. मगदूम. बाकड्यावरची एक बाई पदर तोंडाला लावून उठून बाहेर गेली.

"सर?" मुलीचा आवाज बारीक झाला होता. "सर, आप ठीक हैं?"

मी फोनवर वाकले. "बाई, हेच तुमचे रजिस्टर्ड कस्टमर," मी मराठीतच म्हणाले. मला हिंदी सुचेना. "त्यांच्याशीच बोलायचं होतं ना तुम्हाला? बोला. जे काय आहे ते एवढंच आहे त्यांच्याजवळ. ते म्हणतायत, माझी वस्तू मला द्या. घ्या लिहून. करा रेकॉर्ड."

पलीकडे खुर्ची सरकली. मग कुजबुज. मग एक पुरुष आला, तिचा वरिष्ठ असावा. त्याने खूप अदबीने सांगितलं, की झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, परंतु याला तोंडी संमती मानता येत नाही.

एवढ्या अदबीने मला आयुष्यात कुणी थप्पड मारली नव्हती.

ह्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. रुमाल नीट बांधला. काउंटरची फळी उचलली आणि आतल्या खोलीत गेले. "सर, आत जाता येणार नाही," म्हणत खानविलकर धावले, त्यांच्यामागे मी. आत भिंतीशी खोके रचलेले होते. ह्यांनी नावं वाचत वाचत आपला शोधला, खाली ओढला आणि त्याच्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, देवळाच्या पायरीवर बसावं तसे.

"मला पोलिसांना बोलवावं लागेल," खानविलकर म्हणाले.

"बोलवा," मी म्हणाले. "आणि पोलिसांना सांगा, की हा माणूस स्वतःच्या लॅपटॉपवर बसलाय. त्यांना तोंडी जबाब लागला तर तोही घ्या म्हणावं."

खानविलकरांनी पोलिसांना बोलावलं नाही. माणूस वाईट नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मला त्याची कॉलर धरावीशी वाटत होती. कुणाला तरी फोन करून, बाहेर जाऊन, आत येऊन शेवटी त्यांनी एक कागद आणला. नवीन लॅपटॉप स्वखुशीने नाकारत आहोत. जुन्यावरची वॉरंटी आजपासून संपली. यापुढे कंपनीविरुद्ध कसलीही तक्रार करणार नाही.

"हे शेवटचं कशाला?" मी विचारलं.

"मॅडम, एवढं असेल तरच मी वस्तू सोडू शकतो."

माझा हात पुढे होईना. तुमची वस्तू बिघडलेली, वेळ गेलेला आमचा, आणि वर लिहून द्यायचं की आम्ही खूश आहोत? पण ह्यांनी पेन मागून घेतलं, सही केली, खोका काखेत मारला आणि चालायला लागले. बाहेर काउंटरवर तो नवाकोरा लॅपटॉप तसाच होता. त्याच्याकडे ह्यांनी जाताना मान वळवूनही पाहिलं नाही.

एस्टीत मी ह्यांच्याशी बोलले नाही. जयसिंगपूर येईपर्यंत माझा राग कंपनीवरून ह्यांच्यावर येऊन पोचला होता. हट्टाच्या पायी नवा गेला, जुना तर मेलेलाच, वर तक्रारीचा हक्कही गेला. "असं काय सोनं आहे त्यात?" मी अखेर विचारलं. ह्यांनी पाटी काढली, खडू टेकवला आणि काहीच न लिहिता परत ठेवून दिली.

रविवारी केतकी आली. ह्यांनी तिला बोलावून घेतलं होतं. जेवणाच्या टेबलावर तिने स्क्रू काढून लॅपटॉप उघडला, डिस्क बाहेर काढली आणि एका वायरने स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. मी स्वयंपाकघरात भाकरी करत होते.

"मिळालं, काका," ती म्हणाली. "सगळं आहे. काही गेलं नाही."

आणि मग मी ह्यांचा आवाज ऐकला.

"आक्का, मी आलोय गं."

ती यंत्रातली बाई नव्हती. तो ह्यांचा आवाज होता. खर्जातला, शेवटाला थोडा वर जाणारा, मार्केट यार्डातला. ऑपरेशननंतर तो मी ऐकला नव्हता आणि या जन्मी ऐकणार नव्हते. भाकरी तव्यावर जळत होती. मी बाहेर आले तेव्हा ह्यांनी पटकन लॅपटॉपचं झाकण लावायला हात पुढे केला होता. केतकीने तो धरून ठेवला.

"काका, आता सांगू दे मावशीला," ती म्हणाली. आणि तिने सांगितलं. ऑपरेशनच्या आधी काका तिच्याकडे गेले होते. दार लावून त्यांनी वाक्यं म्हटली आणि तिने ती रेकॉर्ड केली. आक्का, मी आलोय. औषध घेतलंस? पाय दुखतायत का? सगळं ठीक आहे. जेवून घे. एकेक वाक्य एकेका बटणावर. मी पतसंस्थेत गेले की रोज दुपारी ते लॅपटॉप घेऊन आक्कांच्या खोलीत जायचे.

"मला का नाही सांगितलंत?" मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी पाटी घेतली. 'तू रोज ऐकत बसली असतीस,' असं लिहिलं. मग खाली लहान अक्षरात, 'मलाही सोसलं नसतं.'

"माझ्याकडे एक कॉपी होती," केतकी म्हणाली. "पण माझा आधीचा लॅपटॉप मागे बंद पडला, त्यात ती गेली. तोही याच कंपनीचा. या डिस्कशिवाय कुठेच नव्हतं काही."

मी खुर्चीवर बसले. नष्ट करतात, खानविलकर म्हणाले होते. तुमच्याच सुरक्षिततेसाठी.

त्या दुपारी ह्यांनी केतकीचा लॅपटॉप उचलला आणि मला मानेने बोलावलं. आम्ही आक्कांच्या खोलीत गेलो. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ह्यांनी बटण दाबलं.

"आक्का, मी आलोय गं."

आक्का हळूच वळल्या. हात हवेत चाचपडत पुढे आला. ह्यांनी तो धरला.

"आलास व्हय," त्या म्हणाल्या. "कुठं गेलतास?"

ह्यांनी दुसरं बटण दाबलं. "औषध घेतलंस?"

"घेतलं की." मग त्यांनी मान माझ्या दिशेने केली. पायांची चाहूल त्यांना बरोबर लागायची. "त्रिशला, तूबी हायस न्हवं? बस हितं."

मी त्यांच्या पायाशी बसले. मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. लॅपटॉप, फोन, कोल्हापूर, तो खोका. ह्यांनी हाताने खुणा केल्या, नको नको म्हणून, पण मी थांबले नाही. "आक्का, हे तुमच्याशी बोलतात ते आधी भरून ठेवलेलं आहे. खरं नाही ते."

"ठावं हाय मला," आक्का म्हणाल्या.

ह्यांचा हात बटणावरच राहिला.

"आंधळी हाय, खुळी न्हाई. रोज तेच बोलतोय. पाय दुखतायत का विचारतोय, मी व्हय म्हटलं तर म्हणतोय, सगळं ठीक आहे." त्या हसल्या. "पण गळा त्याचा हाय न्हवं? मग झालं."

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आणि ती मानसं काय म्हणत हुती? ह्यो त्यांचा म्हणून?"

"हो. पॉलिसी आहे म्हणत होते. जुना तो कंपनीचा."

आक्का उठून बसल्या. आधार न घेता, आपल्या आपण. इतक्या दिवसांत त्या तशा उठल्या नव्हत्या.

"त्याला बोलायला मी शिकवलंय," त्या म्हणाल्या. "जा, सांग त्यास्नी. आधी माझ्याकडनं न्या म्हणावं."